चार लिटर पाणी, बीपीच्या दोन गोळ्या आणि उठताना येणारी अंधारी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. वडील ६८ वर्षांचे. बीपीसाठी दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. महिन्याभरापूर्वी त्यांना कुणीतरी सांगितलं की रोज चार लिटर पाणी प्या, रक्त पातळ राहील, बीपी उतरेल आणि हळूहळू गोळ्याही सुटतील. वडिलांनी ते मनावर घेतलं. पहिले आठ दिवस ताजंतवानं वाटलं असं ते म्हणतात. आता मात्र रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात, सकाळी पलंगावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. घरच्या मशीनवर बीपी कधी १५०/८६ दिसतो, कधी ११८/७०. बहिणीचं म्हणणं, पाण्यानेच बीपी वाढतोय, पाणी तोडा. आणि तुम्हाला हवं आहे एकच उत्तर: किती लिटर?

लिटरचा आकडा पुढे देतो. पण तो आधीच दिला तर खरा मुद्दा मागे पडेल. बीपीच्या गोळ्या घेणारा ६८ वर्षांचा माणूस उठताना हेलपाटतो आहे, आणि या महिन्याभरात त्याचा उभ्याने बीपी कुणी मोजलेला नाही, रक्तातलं सोडियम कुणी पाहिलेलं नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या घरचा प्रश्न हा आहे. या वयात रात्री अंधारात पडून खुब्याचं हाड मोडलं, तर बीपी दहाने इकडे-तिकडे होण्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं.

मी २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. तरी वडिलांना न तपासता काही गोष्टी मला कळणार नाहीत, आणि उत्तर बरंचसं त्यांच्यावरच अवलंबून आहे. हृदयाचं पंपिंग कसं आहे, क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती, लघवीची गोळी नेमकी कोणती, प्रोस्टेटचा त्रास आहे का, साखर आहे का, दिवस उन्हात जातो की घरात. हृदय कमकुवत असेल किंवा किडनी बरीच बिघडलेली असेल, तर मी पुढे लिहिलेलं पाण्याचं माप त्यांना लागू नाही. तिथे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच माप पाळायचं.

आता मूळ गोष्ट. पाण्याने बीपी वाढतो म्हणणारे आणि पाण्याने बीपी उतरतो म्हणणारे, दोघांच्याही मनात शरीराचं एकच चित्र असतं: पिंपासारखं, वरून ओतलं की पातळी बदलते. प्रत्यक्षात ७० किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत, उरलेलं पेशींबाहेर, आणि त्या बाहेरच्यातलंही जेमतेम तीन-साडेतीन लिटर रक्तवाहिन्यांमध्ये, रक्तातल्या पातळ भागाच्या रूपात. नुसतं पाणी पेशींच्या आत-बाहेर सहज जातं. त्यामुळे एक लिटर पाणी प्यायलं आणि ते अंगभर पसरलं, की रक्तवाहिन्यांच्या वाट्याला येतं साधारण ८० मिली. म्हणजे अर्धा कप. तेवढंही टिकत नाही. रक्तातला क्षारांचा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी बदलला तरी मेंदूला ते कळतं, पाणी राखून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटायचं कमी होतं, आणि किडनी दोन-तीन तासांत जादा पाणी लघवीवाटे काढून टाकते. निरोगी किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेते. चार लिटरने ती गोंधळत नाही. तुमच्या वडिलांची रात्रीची झोप मात्र मोडते.

तेच एक लिटर पाणी सलाईन म्हणून शिरेतून दिलं तर? सलाईनमध्ये मीठ असतं. पेशी सोडियम आत साठू देत नाहीत, त्यामुळे ते बाहेर राहतं आणि आपल्याबरोबर पाण्यालाही बाहेर धरून ठेवतं. मग त्या लिटरातलं पाव लिटर तरी रक्तवाहिन्यांत उरतं, आणि बराच वेळ उरतं. पाणी तितकंच, फरक फक्त मिठाचा. बीपीचा आणि पाण्याचा संबंध समजून घ्यायचा असेल तर ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप झालं: रक्तात पाणी धरून ठेवतं ते मीठ. दाब वाढला की किडनी जास्त मीठ सोडते, आणि दीर्घकाळाचा बीपी शेवटी किती दाबाला किडनी किती मीठ सोडते यावर ठरतो, अशी मांडणी अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी केली. आजच्या बीपीच्या उपचारात ती मांडणी आम्ही रोज वापरतो. लघवीची गोळी देतो तीसुद्धा पाणी काढण्यापेक्षा मीठ काढण्यासाठी. मीठ निघालं की पाणी त्याच्यामागून जातं.

म्हणून वडिलांना पाण्याचे ग्लास मोजण्याऐवजी मीठ मोजायला सांगा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात बाहेरच्या पाकीटबंद पदार्थांतलं मीठही आलं. ज्यांनी हे मनापासून केलं त्यांच्या गोळीचा डोस कमी करण्याची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली आहे. नुसतं पाणी वाढवून कुणाची गोळी सुटलेली मी या २६ वर्षांत पाहिलेली नाही.

"रक्त पातळ राहतं" या बोलण्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्या शब्दाने बरेच लोक फसतात. रक्त पातळ करायच्या म्हणून ज्या गोळ्या आपण ओळखतो, त्या रक्तात पाणी मिसळत नाहीत, त्या रक्ताची गुठळी होण्याची प्रक्रिया रोखतात. त्यांचा आणि पाणी पिण्याचा काही संबंध नाही. आणि ६८व्या वर्षी वरचा बीपी वाढलेला असतो तो बहुधा मोठ्या रक्तवाहिन्या वयाने ताठर झाल्यामुळे. पाण्याने त्या मऊ होत नाहीत.

पण याचा अर्थ पाण्याचा आणि बीपीचा संबंधच नाही असा काढू नका. तो संबंध दिसतो पाणी कमी पडतं तेव्हा, आणि सगळ्यात आधी दिसतो माणूस उभा राहतो तेव्हा.

आडवे असताना उठून उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त क्षणात पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. मानेतल्या आणि छातीतल्या दाबाच्या संवेदकांना हे कळतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही. पण अंगात मीठ-पाणी कमी असेल, वयाने संवेदक मंदावले असतील, किंवा बीपीच्या गोळीने रक्तवाहिन्या सैल ठेवल्या असतील, तर ही सावरासावर उशिरा होते किंवा अपुरी पडते. तीच ती अंधारी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. चार लिटर पाणी पिणाऱ्या माणसाच्या अंगात मीठ-पाणी कमी कसं असेल, असं वाटेल. पण लघवीची गोळी मीठ बाहेर काढते आहे, आणि मीठ नसताना वरून ओतलेलं पाणी रक्तात थांबत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं.

हे घरी तपासता येतं. सकाळी, चहा आणि गोळ्यांच्या आधी, लघवी करून येऊन वडिलांना पाच मिनिटं शांत आडवं राहू द्या. आडव्यानेच बीपी आणि नाडी लिहून ठेवा. मग उभं करा, शेजारी तुम्ही थांबा, आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी परत मोजा. हात दर वेळी छातीच्या उंचीवर हवा. तो खाली लोंबत असेल तर आकडा खोटा जास्त येतो. वरचा बीपी २० किंवा त्याहून जास्त पडला, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त, तर त्याला आम्ही उभ्याने बीपी पडणं म्हणतो. नाडीकडेही बघा. बीपी पडतो आणि नाडी चांगलीच वाढते, तेव्हा मीठ-पाणी कमी असण्याची शक्यता जास्त. बीपी पडतो पण नाडी जागची हलत नाही, तेव्हा नसांचा दोष असू शकतो, दीर्घ मधुमेहात होतो तसा. हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर मात्र नाडीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. हीच तपासणी गोळ्या घेतल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा करा. मापताना चक्कर आली तर लगेच बसवा. आकड्यासाठी माणूस उभा ठेवू नका.

प्रामाणिकपणे सांगतो, सुरुवातीची काही वर्षं मीही प्रत्येक रुग्णाचा बीपी फक्त बसवून मोजत असे. खुर्चीत १४८ दिसला की गोळी वाढवत असे. मग एक आजी पडून मनगट मोडून आल्या. खुर्चीत बीपी उत्तम, उभ्याने ९४. ती गोळी मीच वाढवली होती. तेव्हापासून साठीपुढच्या कुणाचाही बीपी उभ्याने मोजल्याशिवाय मी डोस बदलत नाही. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण या मापाला तीन मिनिटं लागतात आणि तरी ते राहून जातं.

आता तुमच्या बहिणीच्या म्हणण्याकडे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त वेगळ्या जागी. अर्धा लिटर साधं पाणी दोन-तीन मिनिटांत प्यायलं तर काही लोकांचा बीपी खरोखर चढतो. ज्यांच्या बीपी-नाडी आपोआप सांभाळणाऱ्या नसांचं नियंत्रण बिघडलेलं आहे त्यांच्यात तर वरचा आकडा ३० किंवा त्याहून जास्त वाढलेला मोजला गेला आहे. पाच मिनिटांत सुरू होतं, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वांत जास्त असतं, आणि तास-दीड तासात ओसरतं. निरोगी तरुणांत जवळजवळ काहीच होत नाही, वय झालेल्यांत थोडं होतं. यात रक्ताचं प्रमाण वाढत नाही. पाण्यामुळे चेतासंस्था जागी होते आणि रक्तवाहिन्या आकसतात. आम्ही याचा औषधासारखा उपयोग करतो. ज्यांना उठताना अंधारी येते त्यांना उशाशी पाणी ठेवायला सांगतो आणि उठायच्या पंधरा मिनिटं आधी एक-दोन ग्लास सलग प्यायला सांगतो. रक्तदानाआधी अर्धा लिटर पाणी देतात त्यामागेही हाच विचार आहे, घेरी येण्याचं प्रमाण कमी होतं. वडिलांची उभ्याची तपासणी वर सांगितल्यासारखी आली, आणि हृदय-किडनी ठीक असेल, तर दिवसभराच्या पाण्यातले दोन ग्लास असे सकाळी वापरता येतील. पण बीपी मोजण्याच्या आधी लगेच नाही, नाहीतर आकड्यांचा अर्थच लागणार नाही.

घरच्या मशीनवरचे १५०/८६ आणि ११८/७० हे दोन टोकाचे आकडे यातूनच आले असतील. नुकतंच घटाघटा प्यायलेलं पाणी, भरलेली लघवीची पिशवी, गोळी घेऊन झालेला वेळ, बोलता बोलता मोजणं. लघवी तुंबलेली असताना मोजला तर वरचा आकडा दहा-पंधराने सहज जास्त दिसतो, आणि दिवसाला चार लिटर पिणाऱ्या माणसाची पिशवी सदा भरलेलीच. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, लघवी करून, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, दोन-दोन वेळा मोजा आणि सरासरी काढा. एकेका आकड्यामागे धावू नका.

एवढ्यावर थांबून सांगतो: नुसत्या पाण्याने बीपी टिकाऊ वाढत नाही आणि टिकाऊ उतरतही नाही, मिठाने तो दोन्हीकडे हलतो, आणि अंगातलं मीठ-पाणी कमी झाल्याचं कळतं उभ्याने मोजल्यावर. आता ज्या गोष्टीची मला वडिलांबाबत खरी काळजी वाटते तिच्याकडे येतो.

लघवीच्या गोळ्यांतला एक नेहमीचा गट थायझाइड आणि त्यांच्यासारख्या गोळ्यांचा, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. गोळ्या चांगल्या आहेत, मी रोज लिहून देतो. पण त्या किडनीची पातळ लघवी तयार करण्याची क्षमता कमी करतात. म्हणजे जादा पाणी बाहेर टाकायचा मार्गच अरुंद होतो, आणि वर मीठही निघून जात असतं. अशा माणसाने चार लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. १३० च्या खाली गळाठा, मळमळ, डोकं जड होणं, तोल जाणं, विसरभोळेपणा. आणखी खाली गेलं की भ्रम, झटके. बहुतेकदा हे गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतं, पण वर्षानुवर्षं गोळी नीट चाललेली असताना पाणी वाढवल्यावरही होतं.

माझ्याकडे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या होत्या. घरच्यांना वाटलं स्मृती गेली. नावं चुकत होत्या, जेवण अर्धवट सोडत होत्या. सोडियम ११८ होतं. थायझाइडची गोळी दोन वर्षं चालू होती आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून गेले सहा आठवडे त्या मोजून साडेतीन लिटर पाणी पीत होत्या. गोळी बंद केली, पाणी कमी केलं, दवाखान्यात ठेवून सोडियम सावकाश वर आणलं. आठवड्याभरात त्या स्वतःच्या नातवंडांची चौकशी करू लागल्या. सावकाश हा शब्द मुद्दाम लिहिला आहे: उतरलेलं सोडियम घाईने वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून "सोडियम कमी आहे म्हणे" असं ऐकून घरी मिठाचं पाणी पाजायला लागू नका.

तुमच्या वडिलांची मरगळ याच कारणाने आहे असं मी म्हणत नाही. रात्री चार वेळा उठणारा माणूस झोपेअभावीही गळून जातो. पण सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनीन आणि साखर ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या. साखर यासाठी की वाढलेल्या साखरेनेही तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, आणि चार लिटरच्या गडबडीत ते झाकलं जातं.

उलट बाजूही सांगतो, कारण एक दिवस ती तुमच्या कामी येईल. उलट्या-जुलाब किंवा सडकून ताप आला आणि माणूस खात-पीत नसला, तर काही गोळ्या त्या दोन-तीन दिवसांपुरत्या धोक्याच्या ठरतात: लघवीची गोळी, प्रिल आणि सार्टन या अक्षरांनी नाव संपणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मधुमेहातली मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन या अक्षरांनी नाव संपणाऱ्या गोळ्या, आणि अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या. पाणी कमी पडलं की किडनी रेनिन आणि अँजिओटेन्सिन या संप्रेरकांच्या साखळीने स्वतःचा दाब राखत असते. सार्टन आणि प्रिल ती साखळीच तोडतात, लघवीची गोळी आणखी पाणी काढते, अंगदुखीची गोळी किडनीकडे येणारी रक्तवाहिनी आकसवते. तिन्ही एकत्र आल्या की दोन दिवसांत किडनी बंद पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांतले जवळजवळ सगळे शिस्तीने एकही गोळी न चुकवणारे होते. तब्येत ठीक असतानाच डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या की अशा दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या. साधारणपणे नीट खाणं-पिणं सुरू होऊन चोवीस ते अठ्ठेचाळीस तास झाले की सुरू करतात. सगळ्या गोळ्या मात्र बंद करायच्या नसतात. क्लोनिडीन ही बीपीची गोळी किंवा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, एकदम थांबवल्या तर बीपी आणि हृदय दोन्ही उसळी मारतात.

अशा आजारात जलसंजीवनी (ओआरएस) द्यायचीच. तिच्यातलं ग्लुकोज आतड्यातून सोडियमला आत ओढतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं, साध्या पाण्याला हे जमत नाही. पण काही लोक थकवा घालवायला म्हणून जलसंजीवनी रोज पितात. प्रमाणित मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम मिठात असतं तितकं. बीपीच्या माणसाचा दिवसभराच्या मिठाचा जवळजवळ सगळा कोटा त्यातच संपला. जुलाबात ते औषध आहे. एरवी नाही.

पाण्याने एकूण बरं वाटण्याबद्दल. वडिलांना पहिले आठ दिवस ताजं वाटलं ते खोटं नसेल. वजनाच्या एक-दीड टक्का पाणी कमी झालं तरी डोकं दुखतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि त्या माणसाने पुरेसं पाणी प्यायलं की ते लगेच जाणवतं. वडील आधी कदाचित खरोखर कमी पाणी पीत असतील. वयाबरोबर तहान मंदावते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुण आणि वृद्ध पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवलं, तेव्हा वृद्धांना तहान कमी लागली आणि नंतर पाणी दिल्यावरही ते कमी प्यायले. पण कमतरता भरून निघाल्यावर त्यापुढच्या प्रत्येक ग्लासाने अधिक बरं वाटत नाही.

जास्त पाण्याचा पक्का फायदा ठराविक ठिकाणी आहे. मूतखडा एकदा झालेल्यांनी रोज दोन लिटरच्या वर लघवी होईल इतकं पाणी प्यायलं, तर पाच वर्षांत खडा परत होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्याचं १९९६च्या इटालियन अभ्यासात दिसलं. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या २०१८च्या अभ्यासात, रोज दीड लिटर पाणी वाढवल्यावर वर्षातले संसर्ग सरासरी ३.२ वरून १.७ झाले. त्याच वर्षी कॅनडातल्या अभ्यासात किडनीचा जुना विकार असलेल्या ६३१ जणांत पाणी वाढवून किडनीची घसरण काही थांबली नाही. म्हणजे "पाण्याने किडनी धुऊन निघते" हेही तसंच ऐकीव.

तर आकडा. युरोपातल्या वृद्धांच्या पोषणाच्या मार्गदर्शक सूचना पुरुषांना दिवसाला किमान २ लिटर आणि स्त्रियांना किमान १.६ लिटर पेयं सांगतात, चहा, कॉफी, दूध सगळं धरून. नेहमीच्या कॉफी-चहाने शरीर कोरडं पडत नाही, तेही मोजा. हृदय आणि किडनी ठीक असेल तर वडिलांसाठी सुमारे दोन लिटर पुरे, आणि घाम निथळेल अशा दिवशी त्यात भर. लघवीच्या रंगावरून ठरवण्याचा सल्ला तरुणांना ठीक आहे. या वयात आणि लघवीच्या गोळीवर तो रंग फसवा असतो. त्यापेक्षा रोज सकाळी एकाच वेळी वजन बघा: दोन-तीन दिवसांत दोन किलो उतरलं तर पाणी कमी पडतंय, दोन किलो चढलं आणि पायावर सूज आली तर साठतंय. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवा.

चार लिटरवरून दोनवर एका दिवसात आणायला हरकत नाही. त्यातलं बरंचसं सकाळ आणि दुपारी प्यायला सांगा, झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांत फक्त घोटभर. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असतील तर ती सकाळी घेता येईल का विचारा. दिवसा पायावर सूज येत असेल तर ते पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीला उठवतं, म्हणून दुपारी अर्धा-पाऊण तास पाय उंच ठेवून पडू द्या. एवढं करूनही रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावं लागलं तर प्रोस्टेट दाखवा, आणि मोठ्याने घोरत असतील तर तेही सांगा. झोपेत श्वास अडखळण्याच्या आजारातही रात्रीची लघवी वाढते. तोवर वाटेत दिवा लावून ठेवा, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळून मगच उभं राहू द्या.

बीपीची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका. आडव्याचे आणि उभ्याचे आकडे, सात दिवसांची सरासरी, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. बहुधा डोस किंवा वेळ बदलावी लागेल, आणि हे कागद समोर असले तर तो निर्णय पाच मिनिटांत होतो. पण वडील असंबद्ध बोलायला लागले, सारख्या उलट्या झाल्या, उठताना शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या, आणि दारातच सांगा की लघवीची गोळी चालू आहे आणि महिनाभर रोज चार लिटर पाणी प्यायलं आहे.